पुढचा की मागचा

३ ऑक्टोबर

ताई,

शाळेत शिकलेल्या मायन्यांपैकी एकही तुला चालण्यासारखा नाही. ‘तीर्थरूप’ लिहिले तर तू हसशील, आणि ‘प्रिय’ लिहिले तर ही इतक्या दिवसांनी काहीतरी मागायला आली आहे असे वाटेल. म्हणून नुसतेच ताई.

मला मागायचे काहीच नाही. एक शंका विचारायची आहे आणि ती निव्वळ तांत्रिक आहे. चित्रकलेचे सर तुला आठवत असतील. रविवारी सायकल घेऊन टेकडीवर जातात आणि परतताना दुकानात बसून, आपण किती वेगाने उतरलो ते दर वेळी थोडे वाढवून सांगतात. त्यांच्या माउंटन बाइकचे दोन्ही टायर झिजून गुळगुळीत झाले आहेत. दुकानात त्यांच्या मापाचे सध्या दोनच टायर आहेत आणि ते जोडीचे नाहीत. एकाचे दाते मोठे आणि विरळ आहेत. दुसऱ्याचे बारीक, दाटीवाटीचे, मधोमध तर जवळजवळ सपाटच. सरांची हरकत नाही. ‘बुटांना जोड लागतो, टायरांना कशाला?’ असे म्हणाले. प्रश्न एवढाच, की कोणता पुढे लावायचा.

बाबा म्हणतात, बारीक पुढे आणि मोठा मागे. मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा तेच उत्तर मिळाले. मला मात्र अंधूक आठवते, की तुझ्या सायकलला याच्या उलट असायचे. पण त्या दिवसांत मी दुकानाच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असे. तुम्हा दोघांचे बोलणे माझ्या कानांवर पडे, डोक्यात शिरत नसे. आणि बाबांनी सांगितल्यावर तिसऱ्यांदा विचारणे बरे दिसत नाही.

टायर मी का लावते आहे, असे तुला वाटेल. बाबांना मध्यंतरी जरा बरे नव्हते. आता ठीक आहेत. उजवा हात थोडा आखडतो, म्हणून ते स्टुलावर बसून सांगतात आणि मी करते. ग्रंथालयातली माझी नोकरी दुपारी संपते, त्यामुळे वेळेचा प्रश्न नाही. गिऱ्हाइकांशी आई बोलते, कारण ते मला जमत नाही. मागच्या आठवड्यात एक जण हवा भरायला आला, तेव्हा आई आत होती. मी त्याला विचारले, ‘आपणांस साधारण किती दाब अपेक्षित आहे?’ तो सायकल घेऊन निघूनच गेला.

हे पत्र तुला परत बोलावण्यासाठी नाही. आई म्हणाली होती, ‘तसलं काही लिहू नकोस, तिला वाटेल आपण डाव टाकतोय.’ तेव्हा तसे काही लिहिलेले नाही. घरच्या कोणत्याही नंबरवरून आलेला फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या वर्कशॉपचा पत्ता तुझ्याबरोबर शर्यतीत उतरणाऱ्या मैत्रिणीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिच्या दारात इतका वेळ काही न बोलता उभी राहिले, की तिला माझी दया आली.

सरांना सायकल शनिवारी हवी आहे. उत्तर एका शब्दाचे असले तरी पुरे. मोठा की बारीक.

तुझी,
पंतोजी

(या नावाने तुझ्याखेरीज मला कोणी हाक मारत नाही. वापरून पाहिले.)

१५ ऑक्टोबर

ताई,

तुझे कार्ड सोमवारी आले. सर त्याआधीच्या रविवारी पडले.

तू लिहितेस, ‘मोठे दाते पुढे. मागचा घसरला तर अंगानं सावरता येतं, पुढचा घसरला की माणूस खाली. हे बाबा विसरणं शक्य नाही. त्यांना काय झालंय ते सरळ लिही, पंतोजी, अलंकार नकोत.’

सरळ लिहिते. ऑगस्टमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. सकाळी, दुकानात, एका चाकाचा बाक काढताना. हातातली तारा आवळायची चावी खाली पडली, ती घ्यायला वाकले आणि तसेच आडवे झाले. आता काठी घेऊन चालतात. उजव्या हाताला पकड नाही. आपण बोललेले त्यांना कळते. त्यांनी बोललेले आम्हाला कळते, असे आम्हाला वाटत होते.

सरांचे मनगट मोडेपर्यंत तसे वाटत होते. पाण्याच्या टाकीखालच्या वळणावर सुटी खडी आहे, तिथे पुढचे चाक निसटले. सर प्लास्टर घालून दुकानात आले, तेव्हा मी मांडणीमागे जाऊन उभी राहिले. पण ते रागावले नव्हते. आईला म्हणाले, ‘वहिनी, मी हँडल वळवलं. चाक वळलंच नाही, मी मात्र वळलो.’ मग त्यांनी सायकल आत आणली आणि बाबांसमोर उभी केली.

बाबांनी पुढचा टायर पाहिला. त्याच्यावरून डावा हात फिरवला. मग स्टुलाच्या कडेवर हात आपटत म्हणाले, ‘बरोबर. बरोबर. बरोबर.’

सरांना वाटले, बाबा त्यांची थट्टा करत आहेत. त्यांचा चेहरा पडला. आई मात्र बाबांच्या डोळ्यांकडे पाहत होती. ती म्हणाली, ‘अहो, चूक म्हणायचंय का तुम्हाला?’

बाबा म्हणाले, ‘नाही.’ आणि त्यांनी आईचा हात घट्ट धरला.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई येतात, त्यांना आईने हे सांगितले. त्या म्हणाल्या, असे होते. माणूस डोक्यात एका खणात हात घालायला जातो आणि हात शेजारच्या खणात पडतो. विरुद्ध अर्थाचे शब्द शेजारी राहतात. मी विचारले, ‘मग आम्ही सगळं उलटं करून घ्यायचं का?’ त्या म्हणाल्या, ‘नेहमी उलटं असतं तर किती सोपं होतं! कधी उलटं, कधी सुलटं. आणि मानेवरही भरवसा ठेवू नका. होय-नाहीची मानसुद्धा उलटी हलते.’

ते कळल्यावर आम्हाला मागचे सगळे दिवस पुन्हा वाचावे लागले. चहा गार आहे म्हणून त्यांनी तक्रार केली होती आणि आईने तो आणखी तापवून दिला होता. काका आले होते, त्यांना बाबा सारखे ‘बसा, बसा’ म्हणत होते. काका उन्हे उतरेपर्यंत बसले आणि जाताना म्हणाले, ‘दादा इतका प्रेमळ कधीपासून झाला?’ आता बाबा ‘मागच्या महिन्यात डॉक्टरकडे जायचंय’ म्हणाले, की आई म्हणते, ‘मग जाऊन आलो की, सुटलो.’ ती हसते. तिला हसता येते.

मला येत नाही. ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ या प्रश्नात मला कधी एक गुण कमी पडला नाही. बाबांनी सांगितलेला शब्द मी तंतोतंत पाळला. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेनेच आहे ना, हेदेखील तपासले. मी इतकी काटेकोर नसते, तर कदाचित चुकून बरोबर लावला असता.

कार्डावर तू लिहिलेले वाक्य बाबांचेच आहे. ‘पुढचा घसरला की माणूस खाली.’ तुझ्या लक्षात आले असेल.

तुझी,
पंतोजी

४ नोव्हेंबर

ताई,

तुझी अट वाचली. तुझेच शब्द उतरवते, म्हणजे माझ्याकडून फेरफार व्हायला नको. ‘मी यायला हवं असेल तर त्यांनी म्हणायला हवं. तू नाही, आई नाही. ‘ये’ म्हणाले तर मिळेल त्या गाडीनं निघते. ‘नको’ म्हणाले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.’

दुसऱ्या कोणत्याही घरात ही अट सोपी ठरली असती.

रविवारी विचारले. बाबा दुकानात डाव्या हाताने एक साखळी पुसत बसले होते. फडका साखळीत अडकत होता आणि ते तो न चिडता सोडवत होते. त्यांचे न चिडणे अजून माझ्या सवयीचे झालेले नाही.

मी म्हटले, ‘बाबा, ताईचं पत्र आलंय. ती विचारतेय, येऊ का.’

त्यांनी साखळी खाली ठेवली. फडक्याची घडी केली, ती एका हाताने करायला वेळ लागला. मग म्हणाले, ‘नको.’

आई आतून बोलली. ‘म्हणजे हो. लिही तिला, हो म्हणाले.’

‘आई, नेहमी उलटं नसतं.’

‘आज सकाळपासून सगळं उलटंच चाललंय त्यांचं. दार लाव म्हणाले, म्हणून लावलं, तर डोळे वटारले माझ्यावर.’

‘आणि काल पाणी मागितलं तेव्हा पाणीच हवं होतं.’

आई हात पुसत बाहेर आली. ‘तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस गं?’

मी अर्थाच्या बाजूची आहे असे म्हटले असते, तर तिने मला पुन्हा ग्रंथालयात धाडले असते.

मग मी एक प्रयोग केला. सरांच्या सायकलचे दोन्ही टायर काढून ठेवलेले होते. ते बाबांसमोर ठेवले, चाकेही ठेवली आणि विचारले, ‘पुढे कोणता?’ ते म्हणाले, ‘बारीक.’ मी म्हटले, ‘बोलू नका, हाताने दाखवा.’ त्यांचा डावा हात मोठ्या दात्यांच्या टायरवर गेला, तो त्याने ओढत नेऊन पुढच्या चाकाशी टेकवला. मी टायरांची जागा बदलून पुन्हा विचारले. हात पुन्हा बरोबर गेला. तोंड चुकत होते आणि हात चुकत नव्हता. किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटले, आपल्याला युक्ती सापडली.

ट्यूबच्या रिकाम्या खोक्याचे दोन तुकडे कापले. एकावर ‘ये’ लिहिले, एकावर ‘नको’. ते वाचू शकतात, आधी खात्री करून घेतली होती. दोन्ही तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवले आणि म्हटले, ‘ताईला काय कळवू? हाताने दाखवा.’

बाबांनी बराच वेळ पाहिले. मग दोन्ही तुकडे उचलले, एकावर एक नीट ठेवले आणि शर्टाच्या खिशात घातले.

आई म्हणाली, ‘झालं तुझं समाधान?’

घडले ते एवढे. ते ‘नको’ म्हणाले, हे खरे आहे. ते लपवले असते तर मी तुला आणायला खोटे बोलले असते. पण नुसते तेवढेच लिहिले असते, तरीही ते खोटेच झाले असते. म्हणून सगळे लिहिले.

तुझी,
पंतोजी

२१ नोव्हेंबर

ताई,

तुझ्या पत्रात या वेळी एकच प्रश्न आहे. ‘‘बरं झालं’ म्हणाले तेव्हा तर त्यांची जीभ शाबूत होती ना?’

होती.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. शर्यतीसाठी बाबांनी तुझ्या सायकलला पुढे मोठ्या दात्यांचा आणि मागे बारीक दात्यांचा टायर चढवला होता. संघाच्या माणसाने सकाळी तुला नवा जोड दिला, दोन्ही बारीक, दोन्ही हलके. तू तो चढवून घेतलास. बाबांना सांगितले नाहीस, कारण सांगितले असते तर त्यांनी तो चढवू दिला नसता. पहिल्याच उतारावर पुढचे चाक गेले आणि तुझे गळपट्टीचे हाड मोडले. दवाखान्यात तुला पाहून बाबा म्हणाले, ‘बरं झालं.’ हात झोळीत असतानाच तू घर सोडलेस. मी दाराशी उभी होते आणि तुझी बॅगसुद्धा मला उचलता आली नाही, कारण ती उचलणे म्हणजे तुला जायला मदत करणे होते.

आई म्हणते, त्यांना ‘बरं झालं, एवढ्यावर भागलं’ असे म्हणायचे होते, वाक्य अर्धे राहिले. मी हे अनेकदा मनात लावून पाहिले आहे. व्याकरणात बसते. पण बाबांची वाक्ये तोपर्यंत कधी अर्धी राहिलेली नव्हती आणि तूही तिथेच होतीस. त्यांचा चेहरा तू पाहिलास, मी पाठ पाहिली.

मला माहीत आहे ते एवढेच, की तुझ्या खोलीतून बाहेर आल्यावर त्यांनी नर्सला विचारले, ‘माझी स्कूटर कुठे लावलीय?’ ते तुझ्याबरोबर रुग्णवाहिकेतून आले होते. स्कूटर घरी होती. नर्स त्यांना खाली घेऊन गेली आणि तो माणूस सगळ्या रांगेतून एकेक स्कूटर पाहत फिरला. याचा अर्थ मी लावत नाही. अर्थ लावण्याच्या बाबतीत माझी पत या घरात फारशी उरलेली नाही.

तू विचारशील, ‘तुला काय वाटतं?’ ताई, मला वाटते ते मोजायचे साधन माझ्याकडे नाही. सकाळी वाटते, ते ‘ये’ म्हणाले. जेवताना ते ‘भूक नाही’ म्हणतात आणि खरोखरच पान तसेच बाजूला सारतात, तेव्हा वाटते, ‘नको’च म्हणाले. आई रोज विचारते, ‘तिचं काही आलं का?’ आणि बाबा त्याच वेळी दुसरीकडे बघतात. इथे बसून मी दोन्हीकडची वाक्ये इकडून तिकडे पोचवते आणि कोणतेच वाक्य पोचत नाही.

तुझी,
पंतोजी

११ डिसेंबर

ताई,

बाबा सुधारत आहेत. ही आनंदाची बातमी आहे आणि मी ती आनंदाने लिहायचा प्रयत्न करते.

उपचाराच्या बाई चित्रांचे पत्ते घेऊन येतात. उघडे-बंद, आत-बाहेर, वर-खाली. बाई म्हणाल्या, इतक्या झपाट्याने झालेली सुधारणा त्यांनी क्वचितच पाहिली आहे. या आठवड्यात बाबांचे दोन-तीनच शब्द उलटले आणि त्यांतला एक त्यांनी स्वतःच थांबून दुरुस्त केला. चहा गरम असला की आता गरम म्हणतात. दुकानात त्यांचे ओरडणेही परत आले आहे. परवा मला म्हणाले, ‘टायर लावतेस की त्याची समजूत घालतेस?’

सरांचे प्लास्टर निघाले. ते सायकल न्यायला आले, तेव्हा बाबांनी स्टुलावरून मोठ्याने सांगितले, ‘मोठा पुढे. बारीक मागे.’ सर म्हणाले, ‘चला, आता पडलो तर दोष माझ्या एकट्याचा.’ प्लास्टरच्या दिवसांत ते डाव्या हाताने फळ्यावर चित्रे काढत होते. मुले म्हणाली, सर, तुमचे चित्र सुधारले.

काकाही आले होते. चहा झाल्यावर बाबा त्यांना म्हणाले, ‘जा आता.’ काका उठले. दाराशी मला म्हणाले, ‘आजारी होता तोवर बरा होता.’

मी हसले नाही. बाबांच्या ‘जा’चा अर्थ आता ‘जा’ होता, हे मला तेव्हाच कळले.

आईच्या डोक्यात त्याच संध्याकाळी आले. ‘आता विचारू या त्यांना. आता जे म्हणतील ते खरं.’ मी म्हटले, बाई येऊन जाऊ देत. बाई येऊन गेल्या. मी म्हटले, त्यांना जरा सर्दी झाली आहे. आई माझ्याकडे पाहत राहिली. ‘तुला नकोय का ती यायला?’ मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. माझ्या बाजूचे सांगायला मला नेहमी कागद लागतो, समोर माणूस असला की जमत नाही.

म्हणून तुला सांगते. जे म्हणतील ते खरे, याचीच मला भीती वाटते. नोव्हेंबरातले ते ‘नको’ चहाला गार म्हणण्याच्या दिवसांतले आहे. त्याचा अर्थ ‘ये’ होऊ शकतो. तो ‘ये’ नव्हता असे कोणालाच सिद्ध करता येणार नाही, तुलाही नाही आणि आता बाबांनाही नाही. तुझ्या अटीत तेवढे बसते का ते तू पाहा. मला वाटते, ओढूनताणून बसते. पण आता विचारले आणि ते पुन्हा ‘नको’ म्हणाले, तर ते नुसते ‘नको’ असेल. ते मला तुला लिहावे लागेल. तू विषय पुन्हा काढायचा नाही म्हणाली आहेस, आणि मी शब्द पाळते हे तुला माहीत आहे.

कदाचित ते ‘ये’ म्हणतील. तसे वाटण्यासारखे काही मी पाहिले असते तर लिहिले असते.

आई येत्या रविवारी विचारणार आहे. तिने ठरवले आहे आणि तिला अडवणे मला जमणार नाही. बाबा रोज आणखी स्पष्ट बोलू लागले आहेत, तेही मला थांबवता येत नाही, आणि थांबवावे असे वाटते हे मी आणखी कोणाला सांगू शकत नाही.

हे पत्र तुला परत बोलावण्यासाठी आहे. रविवारच्या आधी ये.

तुझी,
पंतोजी